दलालाच्या पायाचा भाव

३ जूनला विमा कंपनीचं पत्र आलं. त्यात दलालाच्या डाव्या पायाची किंमत दोन लाख चाळीस हजार रुपये लिहिली होती.

पत्र बायकोने वाचलं. वाचून झाल्यावर ते टेबलावर पालथं ठेवलं आणि विचारलं, "अहो, त्या तपासनिसाला तुम्ही नक्की काय सांगितलंत?"

"कुठल्या?"

"कंपनीचा माणूस आला होता तो. मी कामावर गेले होते तेव्हा."

"काही नाही गं. सभ्य गृहस्थ होता. पाय बघायचा म्हणाला, दाखवला."

"कसा दाखवला?"

दलाल खिडकीबाहेर बघू लागला. त्याने पाय कसा दाखवला असेल हे बायकोला पुन्हा विचारायची गरज नव्हती. तो घर दाखवतो तसाच दाखवला होता.

घरं दाखवणं हा त्याचा सव्वीस वर्षांचा धंदा. गळ्यात किल्ल्यांचा जुडगा, बुडाखाली मोटारसायकल आणि तोंडात एक शब्द, हवेशीर. त्यामुळे सगळा भाग त्याला हवेशीर म्हणूनच ओळखायचा. त्याच्या धंद्याचा नियम एकच होता. खोटं बोलायचं नाही, पण जे बोलायचं ते चांगलंच बोलायचं. तळमजल्यावरची अंधारी जागा उन्हाळ्यात गार राहायची. समोर पत्र्याचा कारखाना असला तर एकटेपणा वाटायचा नाही. खोली फारच लहान निघाली तर झाडायला दोन मिनिटं पुरायची. हे सगळं खरंच होतं. गिऱ्हाइकाने पुढचा प्रश्न विचारला तर दलाल त्याचंही खरं उत्तर देई. पण त्याच्या बोलण्याच्या ओघात गिऱ्हाइकाला पुढचा प्रश्न सुचत नसे.

पुढे पुढे ही सवय धंद्याची राहिली नाही, स्वभावाची झाली. सासूबाईंच्या घोरण्याबद्दल तो म्हणायचा, "घरात जाग असते." शेजारचे आजोबा गेले तेव्हा स्मशानातून परत येताना त्याच्या तोंडून निघून गेलं, "रस्ता अगदी सरळ होता, कुठे वळण म्हणून नाही." त्यानंतर त्या घराने दोन महिने त्याच्याशी बोलणं सोडलं. "त्यांच्याकडे हल्ली शांतता असते," असं दलाल म्हणाला.

अपघात आदल्या सप्टेंबरमधला. संध्याकाळची वेळ होती. चौकात लाल दिव्याला तो मोटारसायकल थांबवून उभा होता. मागून फर्निचरच्या दुकानाचा मालक भाच्याच्या बढतीची पार्टी आटोपून मोटार घेऊन आला आणि थांबलाच नाही. गाडीतून उतरून त्याने पोलिसाला पहिला प्रश्न विचारला, "हा सिग्नल इथे कोणी आणून ठेवला?" सिग्नल तिथे पंधरा वर्षं होता. दुकानदाराची रक्ततपासणी झाली, तेव्हा कायद्याने चालते त्याच्या दुप्पट दारू निघाली. म्हणजे चूक कोणाची यावर वाद नव्हताच. दलाल मात्र रस्त्यावर पडल्या पडल्या रुग्णवाहिकेच्या माणसांना सांगत होता, "या, या. रस्ता रुंद आहे. गाडी अगदी जवळ लागते."

वाद होता तो पायाचा. नडगी दोन ठिकाणी मोडली होती आणि गुडघ्याचा चुरा झाला होता. पहिल्या शस्त्रक्रियेत होती नव्हती ती शिल्लक गेली. पाय जागेवर राहिला, पण गुडघा निम्माच वाकायचा. हाडाच्या डॉक्टरांनी जानेवारीत स्पष्ट सांगितलं होतं, "या वर्षाच्या आत सांधा बदलायला हवा. नंतर बदलून उपयोग नाही, तो असाच आखडून बसेल." खर्च साडेसहा लाख. हे पैसे नुकसानभरपाईतूनच यायचे होते, दुसरीकडून यायला वाटच नव्हती. आणि दुकानदाराच्या मोटारीची विमा कंपनी म्हणत होती दोन लाख चाळीस हजार.

तपासनिसाचा अहवाल वकीलबाईंनी मिळवला. त्यांचं ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं. बायकोला मागे घेऊन दलाल कठड्याला धरून एकेक पायरी चढला, वर येऊन टेकला आणि धापा टाकत म्हणाला, "जिना छान आहे तुमचा. पायऱ्या ऐसपैस."

वकीलबाई वयाने त्याच्या मुलीसारख्या होत्या आणि त्याला काका म्हणत. पण त्या दिवशी त्यांनी काका हा शब्द असा काही उच्चारला की दलालाने खुर्चीत पाय आखडून घेतला. तो पूर्ण आखडला नाही.

"काका, हे ऐका. 'दावेदाराने पाय आपण होऊन दाखवला. पाय मजबूत असल्याचे सांगितले. आत स्टीलची पट्टी व आठ स्क्रू असून मूळ हाडापेक्षा टिकाऊ काम झाल्याचे सांगितले.' असं बोललात तुम्ही?"

"स्क्रू आठच आहेत, बाई. खोटं नाही बोललो."

"'वेदनेबद्दल विचारले असता, पाऊस यायच्या आधी कळते, छत्री विसरत नाही, असे उत्तर दिले.'"

बायकोने कपाळाला हात लावला.

"'जिन्याबद्दल विचारले असता, हल्ली मी वर जातच नाही, गिऱ्हाइकाला मोकळेपणी जागा बघता येते, असे उत्तर दिले.'" वकीलबाईंनी कागद खाली ठेवला. "काका, तो माणूस तुमचा पाय विकत घ्यायला आला नव्हता हो!"

"सवय आहे, बाई. कोणी बघायला आलं की तोंड आपोआप सुरू होतं."

"मग ते आपोआप बंद कसं होतं ते सांगा. ऑगस्टमध्ये तुमची साक्ष आहे. कंपनीचे वकील हाच अहवाल तुमच्या तोंडावर मारणार. तिथे तुम्ही पुन्हा असं काही बोललात, तर दोन लाख चाळीस हजारसुद्धा जास्त झाले म्हणतील."

बाईंनी तिथल्या तिथे सराव सुरू केला. "मी कंपनीची वकील. सांगा, किती अंतर चालू शकता?"

"कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत." वकीलबाईंनी मान हलवून शाबासकी दिली. तेवढ्यात दलालाला राहवलं नाही. "तिथे सगळं मिळतं. पुढे जायची गरजच पडत नाही."

"काका!"

"बरं, बरं. पुन्हा विचारा."

"रात्री झोप लागते?"

"तीन वाजता जाग येते, ठणका लागतो." त्याने मोठ्या कष्टाने तोंड मिटलं. मग ते उघडलं. "पण त्या वेळी नळाला पाणी चांगलं असतं."

वकीलबाईंनी पेनचं टोपण लावलं. त्या म्हणाल्या, "खोटं बोला असं मी सांगत नाहीये. उलट, खरं बोला. आहे ते सांगा, फक्त सजवू नका." दलालाने होकार दिला. हे काम किती अवघड आहे हे त्या खोलीत फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं.

बायको एका मोठ्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरासाठी भाजी खरेदी करायची. दोनशे मुलींचं जेवण तिच्या पिशव्यांवर अवलंबून असे, आणि बाजारातले सगळे भाजीवाले तिला वचकून असत. आयुष्यात तिने एका टोमॅटोलाही बरं म्हटलं नव्हतं. लग्नाच्या वेळी दलालाचं स्थळ आलं तेव्हा ती म्हणाली होती, "एक कान दुसऱ्यापेक्षा खाली आहे." कान खरोखरच खाली होता. तरी तिने होकार दिला, पण घरच्यांना बजावलं, की कान मी पाहिलेला आहे, उद्या कोणी मला दाखवायला येऊ नका.

त्या रविवारी ती दलालाला रिक्षात घालून बाजारात घेऊन गेली आणि बटाट्याच्या एका पोत्यावर बसवलं.

"बघत बसा. बोलू नका."

"किती प्रशस्त..."

"बोलू नका म्हटलं ना!"

तिने फ्लॉवरचा एक गड्डा उचलला, उलटा केला, देठ पाहिला. "काल दुपारचा आहे."

"वहिनी, आज सकाळी उतरवलाय!" भाजीवाला म्हणाला.

"सकाळी उतरवला असेल. कापलाय काल दुपारी. देठ बघ, काळा पडलाय. आणि हे पान का काढलं? किडीने खाल्लं होतं म्हणून ना?"

भाजीवाला गप्प झाला आणि त्याने दर उतरवला. पुढच्या गाळ्यावर वांगी, त्याच्या पुढे कांदे. प्रत्येक ठिकाणी ती असलेलाच दोष दाखवी, नसलेला कधी काढत नसे. परत येऊन ती नवऱ्याच्या शेजारच्या पोत्यावर बसली.

"नसलेला दोष काढला की ते हसतात," ती म्हणाली. "असलेला काढला की गप्प बसतात. बघितलंत ना?"

"बघितलं."

"मग आता मला सांगा, पाय विकणारे तुम्ही कोण? तुम्ही विकताय कशाला? तुम्ही गिऱ्हाईक आहात. चांगला पाय घेऊन घरातून निघालात आणि त्या दारुड्याने हा माल तुमच्या गळ्यात मारला. असा माल मी परत केला असता. तुम्ही त्याचं कौतुक करत हिंडताय."

दलाल पोत्यावर बसून राहिला. समोरचा हमाल दोनदा "उठा की, काका" म्हणाला तेव्हा भानावर आला.

घरी गेल्यावर त्याने पायजमा गुडघ्याच्या वर घेतला आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा आपला पाय गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहिला. जागा बघायला आलेली कडक बाई बघते तसा. भिंतीला पोचे. वरच्या बाजूला तडा, तो नुसता रंग देऊन झाकलेला. बिजागरी गंजलेली, अर्ध्यावर अडकते. पोटरी उजव्या पायाच्या निम्मी झाली होती हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण लक्षात आलं असतं तर तो तिला सुटसुटीत म्हणाला असता.

मग त्याला धंदा आठवला. हल्ली तो गिऱ्हाइकाला किल्ली देऊन वर पाठवायचा आणि स्वतः खाली रस्त्यावर उभा राहून ओरडायचा, "डावीकडची खिडकी उघडा! आली का हवा?" वरून कोणी "नाही" म्हणालं तर तो "थांबा, येईल" म्हणायचा. लोक किल्ली परत करायचे आणि निघून जायचे. वर्षभरात तिसऱ्या मजल्यावरची एकही जागा गेली नव्हती.

"काय दिसलं?" बायकोने आतून विचारलं.

"घेऊ नये," दलाल म्हणाला.

२१ ऑगस्टला साक्ष झाली. कोर्टाची खोली लांबट होती, खिडक्या उंचावर. दलालाचा हात आपोआप खिडकीकडे उठला, बायकोने तो खाली धरला. साक्षीदाराचा पिंजरा एका पायरीवर होता. त्याच्या समोर खालच्या बाजूला लिपिकाचं टेबल, त्यावर फायलींचे गठ्ठे, शिक्के आणि लिपिकाचा चहाचा थर्मास.

कंपनीचे वकील उंच आणि गोड बोलणारे होते. त्यांनी अहवाल वाचून दाखवला आणि हसून विचारलं, "हे शब्द तुमचेच ना?"

"माझेच, साहेब."

"पाय मजबूत आहे."

"पट्टी मजबूत आहे. पाय नाही. दाराला कुलूप भारी लावलं म्हणून घर भारी होत नाही."

वकीलबाईंनी चमकून वर पाहिलं.

"पण तुम्ही चालता तर खरे?"

"कोपऱ्यापर्यंत. परत येताना मध्ये एकदा बसावं लागतं."

"बसायला त्रास नाही ना?"

"बसलं की गुडघा अर्ध्यात अडकतो. तुम्ही घर बघायला गेलात आणि दार अर्धंच उघडलं, तर घ्याल का?"

"प्रश्न मी विचारतो आहे," वकील म्हणाले. पण त्यांचा आवाज नकळत बदलला होता. ते पायाचे गुण सांगत होते आणि दलाल एकेक दोष दाखवत होता. पाय वजन पेलतो, असं ते म्हणाले. एकाच बाजूने, असं दलाल म्हणाला. सूज उतरली आहे, असं ते म्हणाले. मांस पण उतरलं, असं दलाल म्हणाला. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला, आणि तो बराच वेळ पुसला.

मग वकिलांनी डाव बदलला. "म्हणजे तपासनिसाशी एक बोललात आणि इथे दुसरंच. न्यायालयाने कोणावर विश्वास ठेवायचा?"

प्रश्न अवघड होता.

"दोन्ही खरं आहे, साहेब," दलाल म्हणाला. "नदीकाठचं घर असलं की मी सांगतो, खिडकीतून पाणी दिसतं. शहाणं गिऱ्हाईक विचारतं, पुराच्या वेळी कुठपर्यंत दिसतं? पाणी तेच असतं. तुमच्या तपासनिसाने दुसरा प्रश्न विचारलाच नाही."

उत्तर चांगलं होतं. दलालाने इथेच थांबायला हवं होतं, आणि तो थांबलाही. पण कंपनीच्या वकिलांचा धंदाही माणसं ओळखण्याचाच होता. त्यांनी अहवाल मिटला, दोन पावलं जवळ आले आणि घरच्यासारख्या आवाजात म्हणाले, "बरं, ते राहू द्या. चौकातल्या त्या नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची एक जागा तुमच्याकडे आहे म्हणतात. मीही जागा शोधतोच आहे. कशी काय आहे हो?"

"साहेब, याचा दाव्याशी काय संबंध?" वकीलबाई उठल्या. पण उशीर झाला होता. दलालाचा चेहरा उजळला होता.

"ती? अहो, हवेशीर! दोन बाजूंनी खिडक्या. सकाळचं ऊन स्वयंपाकघरात, संध्याकाळचं बाहेरच्या खोलीत."

"लिफ्ट?"

"लिफ्टची गरजच नाही! जिना असा आहे साहेब, की चढलेलं कळत नाही. मी रोज..."

"मग दाखवता आत्ता?" वकील हळूच म्हणाले. "जेवणाच्या सुट्टीत जाऊन येऊ. तुम्ही पुढे, मी मागे."

"चला की!"

आणि दलाल निघाला. गळ्यातला जुडगा त्याने एका हाताने पकडला, पिंजऱ्याचं दार ढकललं आणि सव्वीस वर्षं गिऱ्हाइकाच्या पुढे धावणाऱ्या माणसाच्या उत्साहाने डावा पाय पायरीखाली टाकला. पाय वाकायचा होता, तो वाकला नाही. दलाल आडवा झाला तो थेट लिपिकाच्या टेबलावर. फायली उडाल्या, शिक्के गडगडले, थर्मास जमिनीवर आपटून आतून फुटला आणि चहा एका जुन्या दिवाणी दाव्यावर पसरला.

फक्त बायकोचा आवाज आला. "पायरी आहे म्हणून सांगत होते मी मघाशी."

कंपनीच्या वकिलांनी स्वतः त्याला उचललं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मी असं... माझा तसा उद्देश नव्हता."

"नाही, नाही, टेबल मजबूत आहे," दलाल म्हणाला आणि डोळे मिटून घेतले. त्याचे ओठ निळे पडले होते आणि पायजम्यावर गुडघ्याजवळ रक्ताचा डाग मोठा होत होता.

न्यायाधीशांनी डॉक्टर बोलावला आणि कामकाज थांबवलं. थांबवण्यापूर्वी ते कंपनीच्या वकिलांना एवढंच म्हणाले, "नाटक करणारा माणूस पडायच्या आधी जागा बघतो. यांनी बघितली नाही. हे आपला पाय मोडला आहे हेच विसरले होते." मग त्यांनी सरकारी डॉक्टरांकडून पायाची नव्याने तपासणी करायचा हुकूम दिला.

तपासणीला बायको बरोबर गेली. डॉक्टरांनी काहीही विचारायच्या आधी तिने दलालाच्या हातात भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी दिली आणि सांगितलं, "खात राहा." डॉक्टरांनी गुडघा मोजला, पोटरी मोजली, जिना चढायला लावला. पाचव्या पायरीवर त्यांनीच पुरे म्हटलं. दलालाला काहीतरी सांगायचं होतं, पण तोंड भरलेलं होतं.

९ ऑक्टोबरला निकाल लागला. अकरा लाख पंच्याऐंशी हजार रुपये, वर व्याज. कंपनीने आधी भरायचे आणि दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दुकानदाराकडून वसूल करून घ्यायचे. कंपनीने ते महिन्याभरात भरले. वकीलबाईंनी फोन करून आकडा सांगितला तेव्हा बायकोने तो दोनदा वदवून घेतला आणि मग म्हणाली, "व्याजाचा दर कमी आहे." त्यानंतर ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. दलाल दाराशी गेला, पण आत गेला नाही.

शस्त्रक्रिया नोव्हेंबरमध्ये झाली, वर्ष संपायच्या आत. नवा गुडघा पहिल्यासारखा नाही, पण वाकतो. दलाल आता कठडा धरून दुसऱ्या मजल्यापर्यंत जातो. तिसऱ्यापर्यंत जायला डॉक्टरांनी सहा महिने थांबायला सांगितलं आहे. मोटारसायकल त्याने विकली. विकताना बायको शेजारी उभी होती, त्यामुळे गिऱ्हाइकाला सायलेन्सरबद्दल सगळं कळलं.

जानेवारीत कंपनीच्या वकिलांचा फोन आला. "ती तिसऱ्या मजल्यावरची जागा अजून आहे का?" कोर्टात त्यांनी ती नुसतं जाळं म्हणून काढली होती, पण दोन बाजूंच्या खिडक्या त्यांच्या डोक्यातून जाईनात. त्यांनी आपल्या बायकोला घेऊन जागा पाहिली. दलाल खाली उभा राहिला. त्यांनी जागा घेतली आणि दलाली ठरल्याप्रमाणे एकरकमी दिली.

हाडाच्या डॉक्टरांचे पैसे पोचले. वकीलबाईंची फी पोचली. दुकानदाराकडून यायचे वसुलीचे हप्ते कंपनी बघते आहे. लिपिकाच्या थर्मासचे सहाशे वीस रुपये दलालाकडून अजून येणे आहे.